अक्का, ती आधी माझ्याकडे आली होती

अक्का, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले आणि एवढ्यात मी तुझ्याशी तीनदा भांडून झाले आहे. एकदा ऑपरेशन थिएटरबाहेर हात धुताना, एकदा मेट्रोत, आणि काल घेवडा निवडताना. मेट्रोत मी मोठ्याने बोलले असणार, कारण शेजारच्या बाईंनी पर्स उचलली आणि त्या पुढच्या डब्यात जाऊन बसल्या. तिन्ही वेळा तूच जिंकलीस. मेल्यावरसुद्धा तुझी ही खोड काही गेली नाही.

मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोनशे शब्द मागितले होते, फोटोसकट. मी नाही म्हणून सांगितलं. त्यांना सेवाभावी परिचारिका वगैरे काहीतरी हवं होतं. तुला कुणी सेवाभावी म्हटलं की तू म्हणायचीस, सेवा कसली हो, पगार घेते मी, आणि तो वेळेवर झाला नाही तर आरडाओरडासुद्धा करते. ते दोनशे शब्द दुसरं कुणीतरी लिहील. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तीन वर्षं पोटात ठेवली. तू समोर बसून ऐकते आहेस असं धरून चालते, नाहीतर माझ्याच्याने लिहिणं व्हायचं नाही.

गोष्ट अशी की तुझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी जी मुलगी रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक पडलेली तुझ्या वॉर्डात आली, ती त्याच्या आठ दिवस आधी माझ्या नर्सिंग होममध्ये आली होती. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली होती. आणि माझ्यामुळे उठून गेली.

आता पहिल्यापासून नीट सांगते. मधे बोलू नकोस.

आपल्या दोघींचे वडील एकाच सरकारी कारखान्यात, एकाच पाळीला. या कानडी शहरात, राजाजीनगरला, घरं मागेपुढे, त्यामुळे तुझ्या आईच्या फोडणीचा ठसका आमच्या घरात आणि माझ्या आईची बोलणी तुमच्या घरात. तू तीन वर्षांनी मोठी म्हणून माझी अक्का, आणि मग इथल्या रिवाजाप्रमाणे अख्ख्या गल्लीची अक्का. तुझे वडील अंथरुणाला खिळले, पाठचा भाऊ शिकत होता, आणि नर्सिंग शिकताना दर महिन्याला हातात थोडंफार पडतं हे कळल्यावर तू कुणालाही न विचारता अर्ज भरून आलीस. मी पुढे डॉक्टर झाले. पीयूसीला, म्हणजे बारावीला, तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते, अक्का. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि चाळीस वर्षांत आपण एकदाही त्यावर बोललो नाही. बाकी जगात कशावर बोलायचं ठेवलं नाही.

तू शिवाजीनगरला बस बदलून सरकारी हॉस्पिटलात जायचीस, मी चार गल्ल्या चालत माझ्या बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये. आणि रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने इडली खायची, एक कॉफी दोघींत बाय-टू घ्यायची, आणि भांडायचं. भांडण दर वेळी एकाच वाटेने जायचं. इकडची तिकडची चौकशी झाली की तू म्हणायचीस, मग डॉक्टरीणबाई, या आठवड्यात किती दारं विकली?

हे तुझं ठरलेलं वाक्य होतं. तुझं म्हणणं असं, की गर्भपाताला लागणाऱ्या गोळ्या त्याच, पिशवी साफ करायचं मशीन तेच, कापूस तोच. तुमच्या वॉर्डात बाई पडद्याआड झोपते आणि तिचं सगळं सातजणी आणि त्यांचे नातेवाईक ऐकतात, माझ्याकडे तिला खोली मिळते आणि नर्स आत यायच्या आधी दारावर टकटक करते. म्हणजे आम्ही इलाज नाही विकत, दार विकतो. ज्या बाईकडे दाराचे पैसे नाहीत तिला काय लाज कमी असते, असं तू विचारायचीस, आणि शेजारच्या टेबलावरचे लोक इडली खायचे थांबायचे.

मी म्हणायचे, दार फुकट येत नाही. भूल देणारा डॉक्टर आहे, परवाना आहे, तपासणीला येणारे साहेब आहेत. एका कुणाच्या भावाने जाऊन तक्रार केली तर माझ्या फाटकाला टाळं लागतं, तुमच्या हॉस्पिटलला कोण टाळं लावणार? माझं बिल म्हणजे तुझ्या वॉर्डातल्या आयाबाईचा महिन्याचा पगार, हे मला दर रविवारी नव्याने कळायची गरज नव्हती. आणि तुमच्याकडे पैसे लागत नाहीत, पण दिवस लागतात. आज कागदावर शिक्का नाही, परवा डॉक्टर शिबिराला गेले, पुढच्या आठवड्यात सोनोग्राफी बंद. पोटातलं काही तुमच्या सोनोग्राफीवाल्यासाठी थांबून राहत नाही. शेवटी नंबर लागला की टेबलाशी उभं राहून सांगायचं, आधी तांबी बसवून घ्यायला हो म्हण, मग नाव लिहिते. वर शेलक्या शब्दांत चार गोष्टी ऐकवायच्या त्या वेगळ्या.

तू हे नाकारायची नाहीस, हे मात्र कबूल करते. माझ्याकडे झाडलोट करणारी मंजुळा आठवते ना? तिला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा धाकटं अकरा महिन्यांचं होतं. मीच तिला तुझ्या हॉस्पिटलात धाडली, कारण माझं बिल मलाच तिला सांगवेना. नेमकी तू रजेवर. ती तीन वेळा गेली आणि तीन वेळा परत आली. नवऱ्याला घेऊन ये, मुलं बंद व्हायचं ऑपरेशन करून घेणार असशील तरच ये, असं सांगून तिला वाटेला लावलं होतं. तेवढ्यात महिना गेला. शेवटी मी माझ्याकडे केलं, फुकट, आणि तुला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. तू शांतपणे म्हणालीस, एकीचं फुकट केलंस आणि सहा महिने सांगते आहेस, आमच्याकडे रोज फुकट होतं, कुणी बोलत नाही. मला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली.

एका गोष्टीवर मात्र तू हसायची नाहीस. सज्ञान बाई असेल तर तिची एकटीची सही पुरे, असं कायदाच सांगतो. आणि माझ्या फॉर्मवर तिच्या सहीखाली आणखी एक ओळ होती, पती किंवा जवळच्या नातेवाइकाची सही. वकिलांनी घालायला लावली होती, खबरदारी म्हणून. तू विचारायचीस, कायद्यात नाही ते तुझ्या कागदात कुठून आलं? मी म्हणायचे, तुमच्याकडे तोंडी मागतात, माझ्याकडे छापील आहे, एवढाच फरक. फार हुशारीचं उत्तर दिलं असं मला वाटायचं.

तर ती मुलगी.

मंगळवारी दुपारी आली. तिचं नाव, गाव, आडनाव इथे लिहीत नाही. ते एकदा तोंडाने घेऊन जे केलं तेवढं पुरे. महादेवपुऱ्यात कंपनीत कामाला, तिथेच पीजीत राहणारी, पंचवीस-सव्वीस वय, लग्न झालेलं नाही, आठवा आठवडा. शहराच्या त्या टोकापासून या टोकाला आली होती, ऑफिसातलं कुणी चुकूनसुद्धा दिसू नये म्हणून. मला का निवडलं, तर इंटरनेटवर नाव मराठी दिसलं. म्हणाली, हे मला इंग्लिशमधून सांगता आलं नसतं. कागदपत्रं फाइलमध्ये लावून आणली होती, पैशांची तयारी होती, निर्णय झालेला होता. तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, तीच जी मी विकते असं तू म्हणायचीस.

आणि मी काय केलं? मला ठाऊक आहे तू आता कपाळावर हात मारणार. दिवसभर कन्नडमधून पोटं तपासून झाल्यावर कुणीतरी समोर बसून स्वच्छ घरचं मराठी बोललं की मी विरघळते. कुठली गं तू? आडनाव काय? म्हणजे त्या गावातले की अलीकडचे? आईचं माहेर कुठलं? या शहरात दोन मराठी माणसं भेटली की पाच मिनिटांत नातं निघतं, आणि नाही निघालं तर आपण आणखी दहा मिनिटं बसून काढतोच. तसं ते निघालं. तिची सख्खी मावशी म्हणजे आमच्या भजनातल्या काकू, दर गुरुवारी माझ्या शेजारी बसून टाळ वाजवणाऱ्या. मी टाळी दिली, अक्का. खरंच दिली. म्हटलं, अगं, म्हणजे तू घरचीच निघालीस की!

तिचा चेहरा मी बघितला, पण आठव्या आठवड्यात मळमळतंच, असं मनात म्हटलं. मग तो फॉर्म काढला. सहीच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी मायेने म्हणाले, काकूंनाच घेऊन ये ना संध्याकाळी, त्या सही करतील, तुला एकटीला कशाला हे सगळं. मी बोलू का त्यांच्याशी? नाजूकपणे सांगते, काळजी करू नकोस. फोन हातात होता माझ्या.

ती म्हणाली, "नको मॅडम, मी उद्या येते."

फाइल टेबलावरच राहिली. दोन दिवस मी वाट बघितली, फोन लावला तर बंद. काकूंना गुरुवारी एक अक्षर बोलले नाही, एवढी तरी बुद्धी झाली. मग इतर पेशंट आले, दोन बाळंतपणं अडली, आणि मी ती फाइल कपाटात ठेवून दिली.

दुसऱ्या रविवारी दर्शिनीत तू इडलीला हात लावला नाहीस. म्हणालीस, बुधवारी एक मुलगी आली. मेडिकलमधून गोळ्या आणून तिने पीजीत एकटीनेच घेतल्या. अर्धवट पडलं. तीन दिवस रक्त जात असताना कामावर गेली, लोकांना पाठ दुखते म्हणून सांगितलं, आणि चौथ्या दिवशी बाथरूममध्ये कोसळली. पीजीच्या मालकिणीने ऑटोत घालून आणलं आणि स्वतः त्याच ऑटोने परत गेली. पिशवी साफ करावी लागली, दोन बाटल्या रक्त चढवलं. "स्वल्प उशीर झाला असता तर गेली असती पोर," तू म्हणालीस.

नाव तू सांगितलं नाहीस. कुणाचंच कधी सांगितलं नाहीस. पण महादेवपुरा, पीजी, एकटी, निळ्या फ्रेमचा चष्मा. माझ्या हातातला पेला गरम होता आणि बोटं भाजत होती तरी मी तो खाली ठेवला नाही. तेव्हा सांगायचं होतं मला. तेवढंच एक वाक्य होतं. त्याऐवजी मी काय म्हणाले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणाले, "डॉक्टरकडे का जात नाहीत गं या मुली?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "जातात," आणि कॉफी संपवलीस.

मला वाटलं विषय संपला. मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

पुढचं तुझ्याच वॉर्डातल्या एका सिस्टरकडून कानावर आलं. तू तिची खाट टोकाला, चादरींच्या कपाटाजवळ हलवलीस. सगळ्यांनी तिला नंबरने हाक मारायची असं बजावलंस. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी लग्न झालंय का म्हणून सुरुवात केली तेव्हा तू मधेच म्हणालीस, सर, आधी बीपी बघा. आणि जाताना तिला विचारलंस, तांबी हवी आहे का? हवी असेल तर सांग, नको असेल तर राहू दे. तुमच्या हॉस्पिटलात असं विचारायची पद्धत नव्हती. एक पैसा न घेता, पडद्याआड, तू तिला जे दिलंस ते माझ्या बंद दाराच्या खोलीत तिला मिळालं नव्हतं. आपलं भांडण खरं तर त्या दिवशीच निकालात निघालं होतं.

तू निवृत्त झालीस त्या दिवशीचंही आज लिहूनच टाकते. हार-बिर घालून झाले होते, लोक गेले होते, तुझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आपण दोघीच पायसाच्या वाट्या घेऊन बसलो होतो. तू म्हणालीस, तुला एक सांगायचंय. नोकरीच्या पहिल्या वर्षांत कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी एक बाई आली होती, चौथ्या खेपेला. तांबी नको म्हणाली होती. वरून हुकूम होता की सगळ्यांना बसवायची. ती भुलीखाली होती आणि तू डॉक्टरांच्या हातात तांबी दिलीस. काही महिन्यांनी ती ताप आणि पोटदुखी घेऊन परत आली, आत सगळं चिघळलेलं. बरी झाली तेव्हा जाताना तुला हात जोडून गेली, कारण तिला काही ठाऊकच नव्हतं. तू म्हणालीस, "मी तिला विचारलं नाही, शैला. आणि ती मला नमस्कार करून गेली." तुझ्या डोळ्यांत पाणी मी आयुष्यात दोनदा पाहिलं, त्यातलं हे दुसरं.

मग तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. मी तुझी समजूत काढली! म्हटलं, तेव्हाची पद्धतच तशी होती, तू तरी काय करणार. आणि वाटीत आणखी पायस घेतलं.

तोवर मी माझ्याकडे बदल केले होते, हे मात्र तुला सांगते. फॉर्मवरची ती ओळ काढून टाकली. वकील रुसले, रुसू देत. रिसेप्शनवर सगळ्यांदेखत नाव-आडनाव विचारायचं बंद केलं, नंबर देतो. मराठी पेशंट आली की जीभ वळवळते, तेव्हा मी पटकन तिचं बीपी घेते. मंजुळासारख्या बायकांना आता मी पाठवून देत नाही. दर मात्र तोच ठेवला आहे, आणि तू असतीस तर बाकी सगळं सोडून एवढंच धरून बसली असतीस, बरोबरच आहे म्हणा. पण हे सगळं मी गुपचूप केलं. काम केलं की सांगायची गरज उरत नाही, अशी मी माझी सोय लावून घेतली होती.

शेवटच्या दोन महिन्यांत दर शनिवारी मी तुझ्याजवळ बसायचे. तीनदा तोंडाशी आलं. एकदा तुझा डोळा लागला, एकदा तुझ्या भावाची बायको, आपली वहिनी, औषध घेऊन आली. तिसऱ्यांदा काहीच निमित्त नव्हतं. तू जागी होतीस, खोलीत कुणी नव्हतं, आणि तूच विचारलंस, "काय गं, काही सांगायचंय?" मी म्हटलं, वहिनी तक्रार करते आहे की तू जेवत नाहीस. तू कानडीतून नुसतं "सरी", बरं, म्हणालीस. आणि भिंतीकडे तोंड केलंस.

तू गेल्यावर अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी तुमच्याकडे डबा घेऊन गेले. बाहेरच्या खोलीत ती बसली होती. चष्म्याची फ्रेम बदलली आहे, पण मी उंबऱ्यातूनच ओळखलं. तुझी वहिनी म्हणाली, ही अक्कांच्या ओळखीची, महादेवपुऱ्याहून येते अधूनमधून, किती जीव लावला होता हो दोघींनी. आणि लगेच तिच्याकडे वळून, कुठली गं तू मूळची, विचारीन विचारीन म्हणते आणि राहूनच जातं. मी म्हटलं, वहिनी, चहा टाका ना जरा. जरा जोरातच म्हटलं असणार, वहिनी चमकून आत गेली.

आम्ही गच्चीवर गेलो. ती कठड्याला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, चूक माझी होती. तू विश्वासाने आलीस आणि मी तुझं घराणं काढत बसले. कायद्याने लागत नाही ती सही मागितली. तुझा जीव गेला असता. तीन वर्षांनी का होईना, पण हे मी बोलले.

ती म्हणाली, मी तुमच्यावर खूप रागावले होते. आता तेवढा राग नाही. पण विसरले पण नाहीये. हे इतकं सरळ होतं की मला बरं वाटलं.

मी विचारलं, "अक्काला यातलं किती ठाऊक होतं?"

"सगळं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, आधी कुठे दाखवलं होतंस का. मी तुमचं नाव सांगितलं. मावशीचं पण सांगितलं."

"मग ती काय म्हणाली?"

"तेव्हा काहीच नाही. डिस्चार्जच्या दिवशी म्हणाल्या, ती माझी मैत्रीण आहे. मनाने वाईट नाही, तोंडाने घाई करते. ती मला स्वतःहून सांगेल, मग मी तिला घेऊन तुझ्याकडे येईन." मग ती म्हणाली, "नंतर भेटायला आले की मीच विचारायचे, सांगितलं का त्यांनी? त्या म्हणायच्या, अजून नाही. शेवटी आले तेव्हा मी विचारलं नाही, त्यांना धाप लागत होती. त्याच म्हणाल्या, अजून नाही गं."

खालून वहिनीने चहाला हाक मारली. ती चहा घेऊन, तुझ्या फोटोला नमस्कार करून गेली.

तेव्हापासून मी तुझ्यावर चिडले आहे, अक्का. तिन्ही भांडणं ह्याच्यावरून झाली. माझ्या बिलावरून तू मला बोललीस, फॉर्मवरून बोललीस, मुलाला मराठी वाचता येत नाही यावरून बोललीस, भाजीत मीठ जास्त झालं तरी चार लोकांत बोललीस. आणि या एका गोष्टीवर तीन वर्षं तोंड मिटून बसलीस? दर रविवारी एका कॉफीचे दोन पेले करून समोर उभी राहिलीस, तुझं स्वतःचं सगळ्यात दुखरं काढून माझ्यापुढे ठेवलंस, माझी वाट बघितलीस, आणि सरळ विचारलं मात्र नाहीस. ती तुझ्याकडे आली होती का? पाच शब्द होते. विचारायचे होतेस गं.

काल घेवडा निवडताना याचं उत्तर मीच दिलं. तू विचारलं असतंस तर मी डोळ्याची पापणी न हलवता म्हटलं असतं, कोण मुलगी? कुठली? नाही बाई, माझ्याकडे कुणी आलं नव्हतं. आणि मग पुढच्या रविवारी तुला त्या टेबलाशी माझ्यासमोर उभं राहता आलं नसतं. मी खोटं बोलले असते, अक्का. तुला ते ठाऊक होतं, आणि माझ्या तोंडून ते ऐकायला लागू नये म्हणून तू विचारलं नाहीस.